मुरारीचे खिळे, हेमराजचे दाते

हेमराजनं मशीन निवडताना एकही चूक केली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं जे झालं त्यानंतर गावातल्या दहा जणांनी त्याला दहा चुका काढून दाखवल्या, आणि त्या दहांपैकी आठांनी जन्मात सायकलच्या पंपापलीकडं यंत्र म्हणून काही निवडलं नव्हतं.

गाव नाकाडोंगरीच्या अलीकडं, तळ्याच्या काठाला. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या चिंचा, मोह, करंज आडवे झाले. लाकूड ट्रकांतून गेलं आणि बुंधे तिथंच राहिले, कारण बुंधा कोणालाच नको असतो. जेसीबीनं उपटायला जावं तर त्याच्याबरोबर नळाची पाइपलाइन, अर्धी नाली आणि कोणाच्या तरी अंगणाचा कोपरा वर येतो, आणि मग अंगणवाला अंगावर येतो. हेमराज आयटीआय शिकलेला, तुमसरच्या गॅरेजात सहा वर्षं पाने फिरवलेला. त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बुंधा जागच्या जागी खरवडून त्याचा भुगा करणारी मशीन पाहिली आणि त्याला चैन पडेना.

नागपूरच्या दुकानात तीन मशीन होत्या. विक्रेता ट्रॅक्टरला जोडायच्या मोठ्या मशीनचं गुणगान करत होता. हेमराजनं खिशातून टेप काढला. आपल्या गावातलं सगळ्यात अरुंद फाटक चौतीस इंच आहे, तेव्हा मशीन तीस इंचांच्या वर नको, असं त्यानं सांगितलं. अश्वशक्तीच्या आधी फाटकाचं माप सांगणारं गिऱ्हाईक विक्रेत्याला पहिल्यांदाच भेटत होतं. मग हेमराजनं दात्यांची चौकशी केली. चाकावर किती दाते, एक मोडला तर तेवढाच बदलता येतो का, बदलायला किती वेळ, आणि मुख्य म्हणजे मिळतात कुठं. ज्या मशीनचे दाते नागपुरात मिळत नाहीत ती फुकट दिली तरी घेऊ नये, असं त्याचं मत होतं. शेवटी त्यानं हातानं ढकलायची, पेट्रोलवर चालणारी छोटी मशीन घेतली. तिचे दाते गोल होते, एक बाजू बोथट झाली की फिरवून दुसरी पुढं आणायची, अशा तीन बाजू वापरता येत. माणूस लग्नाला मुलगी पाहताना इतके प्रश्न विचारत नाही. हेमराजनं तरी रंजूला पाहताना एकच विचारला होता, पोहता येतं का म्हणून.

एवढी काळजी कायले, असं रंजूनं विचारलं तेव्हा त्यानं पोटापाण्याचं कारण सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. त्याला मशीनवाला व्हायचं होतं, कारण आजवर तो भगताचा पोरगा होता.

त्याचा बाप मुरारी. घर धिवराचं, मुरारीचा पिढीजात धंदा तळ्यात जाळं टाकायचा. पण चार गावांत तो ओळखला जाई तो खिळ्यांसाठी. कोणाचं पोर झटके देऊ लागलं, कोणाची सून एकाएकी मुकी झाली, की मुरारीला बोलावणं जायचं. लिंबू, हळद, थोडं पुटपुटणं, आणि शेवटी जे काही लागलं असेल ते झाडापाशी नेऊन नावेचा सहा इंची खिळा ठोकून झाडात पक्कं करायचं. खिळा नेहमी उकिडवं बसून मुळापाशी ठोकायचा, म्हणजे आतलं वर फांद्यांत चढत नाही. चाळीस वर्षं त्यानं हे केलं. हेमराजची आयटीआयची फीसुद्धा या खिळ्यांमधूनच गेली होती, पण शाळेत पोरं त्याला ‘खिळ्या’ म्हणायची ते तो विसरला नव्हता. जादूटोण्याविरुद्ध कायदा आला त्या साली त्यानं पेपरचं कात्रण बापापुढं ठेवलं. मुरारीनं ते उलटसुलट करून पाहिलं, त्याला वाचता येत नव्हतं, आणि हातोडी माळ्यावर टाकून दिली. त्यानंतर अकरा वर्षं बापलेक मासळीवर बोलले, पावसावर बोलले, नातीच्या दाढेवर बोलले. खिळ्याचं नाव कोणी काढलं नाही.

रस्त्याच्या ठेकेदाराचं नाव लिलाधर. गावातले अकरा बुंधे त्यानं हेमराजला दिले आणि आठ दिवस दिले, कारण नवव्या दिवशी डांबरवाले येणार होते. इथं काम नीट झालं तर पुढच्या बारा गावांचं कामही त्याचंच. नाही झालं, तर जेसीबीवाल्याचा नंबर लिलाधरच्या मोबाइलमध्ये होताच.

पहिला बुंधा बसथांब्याच्या चिंचेचा. हेमराजनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं सगळं केलं. सकाळी मशीनसमोर बसून प्लगची वायर काढली, एकेका दात्यावरून बोट फिरवून पाहिलं, बोल्ट आवळले, बेल्ट दाबून पाहिला, फिल्टर झटकला, ग्रीस भरलं. मग बुंध्याभोवतीचे दगड वेचले आणि उडणारे तुकडे कोणाला लागू नयेत म्हणून पंधरा फुटांवरून चुन्याचं रिंगण घातलं. जाळीचं लाल हेल्मेट चढवलं, पोटऱ्यांना पट्टे बांधले आणि रिंगणात कोणी पाय ठेवायचा नाही असं जमलेल्या लोकांना बजावलं. लोक आपोआप दोन पावलं मागं सरले. म्हाताऱ्या जिजाबाईनं पदर डोक्यावर घेतला. हेमराजला ते फार आवडलं; यंत्राचा मान लोकांना कळतो असं त्याला वाटलं.

वीस मिनिटं चिंच लोण्यासारखी निघाली. मग खाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि मशीन हातात उसळली. इंजिन बंद करून त्यानं भुगा उकरला. एक दाता टोकापासून मोडलेला होता, आणि लाकडात, लाकडानंच पूर्ण गिळलेला, चौकोनी डोक्याचा नावेचा खिळा. हेमराजनं तो पाहताक्षणी ओळखला. लहानपणी असले खिळे त्यानंच डब्यातून काढून बापाच्या हातात दिले होते.

त्यानं खिळा उपटला. दाता बदलला, चिंच संपवली, दुसऱ्या बुंध्याकडं गेला, तिथं दोन मोडले. झाडाला खिळे काय कमी असतात? नाटकांच्या जाहिरातींचे असतात, निवडणुकीच्या पोस्टरांचे असतात, पण ते वरवरचे, डोळ्यांना दिसतात, पक्कडीनं निघतात. मुरारीचे खिळे सहा इंच आत आणि वर वीस-तीस वर्षांचं लाकूड चढलेलं. शिवाय मुळापाशी ठोकलेले, म्हणून झाडं कापणाऱ्यांच्या करवतीला एकही लागला नाही. वरचं लाकूड सुखरूप विकलं गेलं आणि खिळे तेवढे पोराच्या वाट्याला राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमराजजवळ एक जोडी दाते उरली होती. नागपूरला फोन लावला तर माल संपलाय, दहा दिवस लागतील असं उत्तर मिळालं. नऊ बुंधे बाकी होते, आणि दिवस पाच.

त्यानं आधी विज्ञानाचा मार्ग धरला. गोंदियाहून मित्राचं धातू शोधायचं यंत्र आणलं. या भागातल्या मातीत मँगनीज, वर रस्त्याच्या भरावात खाणीचा टाकाऊ दगड, त्यामुळं ते यंत्र बुंध्यापाशी ओरडलं, रस्त्यावर ओरडलं, आणि परत नेताना देवळाच्या पायरीवरही ओरडलं. एकदाही गप्प न बसणाऱ्या माणसाकडून जेवढी माहिती मिळते तेवढी त्याच्याकडून मिळाली.

रंजू सगळं बघत होती. भात वाढता वाढता ती म्हणाली, “ज्यानं ठोकले तो माणूस घरात बसून हाय, अन् तुमी मशीनले विचारून राहिले.”

हेमराज जेवला, हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि पडवीत जाऊन बापाच्या खाटेसमोर उभा राहिला. मुरारी जाळं सांधत होता. कसं विचारावं हे हेमराजला कळेना. अकरा वर्षांपूर्वी ज्याला फालतू म्हटलं त्याचा आता पत्ता विचारायचा होता. शेवटी त्यानं मोडलेला दाता बापाच्या हातावर ठेवला. मुरारीनं तो बोटांनी चाचपला.

“बसथांब्यावरच्या चिंचेत तीन होते,” तो म्हणाला. “तुले एकच लागला?”

“तुले समदे आठवते, बा?”

“मशीन तुयी. झाडं मायी होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी काठी टेकत पुढं आणि हेमराज मशीन ढकलत मागं, अशी वरात निघाली. मुरारी बुंध्याभोवती एक फेरी मारायचा, खाली बसायचा, हात ठेवायचा आणि सांगायचा, इथं एक, तळ्याच्या बाजूनं दुसरा, हा खालच्या अंगानं. हेमराज छिन्नीनं लाकूड कोरायचा, आणि जिथं सांगितलं तिथं, चार बोटंही इकडंतिकडं नाही, खिळा असायचा. कटावणीनं तो उपटला की मुरारी हातात घेऊन पाहायचा आणि पिशवीत टाकायचा. एका मोहात सहा निघाले. हेमराजच्या मनात आलं, या माणसाला अक्षरओळख असती तर हा तहसीलदार झाला असता. बापाचा अभिमान वाटणं ही गोष्ट त्याला इतकी नवी होती की तो थोडा चिडलाच.

लोक तर कामधंदा सोडून पाठीमागं फिरत होते. हा कोणाचा, तो कोणाचा, असं विचारत होते. पण जे जोरानं विचारत त्यांच्यापेक्षा मागं गप्प उभे राहणारे जास्त घाबरलेले दिसत. मुरारीनं एकाचंही नाव घेतलं नाही. फार गळ्याशी आलं तेव्हा म्हणाला, “ज्याचा हाय त्याले माहीत हाय.” जिजाबाईनं मात्र खरा प्रश्न विचारला. खिळा निघाला, मग आतलं होतं ते कुठं गेलं? आता हा प्रश्न हेमराजकडं आला असता तर त्यानं बेंबीच्या देठापासून भाषण दिलं असतं. पण विचारलं मुरारीला, आणि मुरारी उन्हात चार तास बसून दमलेला. त्यानं मशीनकडं बोट दाखवलं.

“दळलं गेलं.”

झालं. नऊच्या नऊ बुंधे साडेतीन दिवसांत भुईसपाट झाले, एकही दाता मोडला नाही, लिलाधरनं पाठ थोपटली. पण ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. लोकांनी आता मागचं सगळं जुळवून घेतलं. सकाळची दात्यांची पूजा त्यांनी पाहिली होती, चुन्याचं रिंगण पाहिलं होतं, लाल मुंडासं पाहिलं होतं, आत पाय ठेवायची बंदी ऐकली होती. बाप नुसता भुतं झाडात कोंडायचा, पोरगा पीठ करतो, असं ठरलं. बुंध्याचा भुगा शेतात टाकायला फार चांगला, फुकट न्या म्हणून हेमराज सांगत सुटला, पण एक टोपलीभर कोणी उचलेल तर शपथ. सगळा भुगा त्यालाच ट्रॅक्टरनं दूर नेऊन टाकावा लागला, आणि ते पाहून लोकांची उरलीसुरली शंकाही गेली.

मग फोन सुरू झाले. साकोलीकडच्या एकोडीहून कैलाश नावाच्या माणसाचा आला, की भूत दळायची मशीन तुमचीच का. हेमराजनं शांतपणे समजावलं, की ही बांधकामासाठी, रस्त्यासाठी जागा मोकळी करायची मशीन आहे, भुताखेतांशी तिचा संबंध नाही. पलीकडून कैलाश हो, हो, बरोबर आहे म्हणाला आणि मग विचारलं, येता कधी? हेमराजनं घरावर पाटी लावली, ‘येथे फक्त झाडांचे बुंधे काढले जातात’. त्या ‘फक्त’नं घोटाळा आणखी वाढला. वाचणाऱ्याला वाटे, कायद्याच्या भीतीनं लिहावं लागलं असेल बिचाऱ्याला. काम धो धो आलं. दोन महिन्यांत हेमराजनं जिल्हाभर जेवढे बुंधे काढले तेवढे कोणी काढले नसतील, आणि प्रत्येक ठिकाणी लोक रिंगणाबाहेर हात जोडून उभे असत. तो बोल्ट आवळायचा तेव्हा आयाबाया कुजबुजणं थांबवायच्या. मशीनवाला म्हणून त्याला कोणीच ओळखेना. तो आता मोठा भगत झाला होता, बापापेक्षा मोठा, पेट्रोलवर चालणारा.

अशात आनंदराव गुरुजींचा निरोप आला आणि हेमराजला देव भेटल्यासारखं झालं. गुरुजींसमोर हा शब्द त्यानं काढला नसता, कारण गुरुजींना तो चालत नसे. गुरुजी त्याचे शाळेतले मुख्याध्यापक. ‘खिळ्या’ म्हणणाऱ्या पोरांना त्यांनी एकदा ओळीनं उभं करून विचारलं होतं, की कोणी भूत पाहिलंय का, पाहिलं असेल तर वर्गात घेऊन या. आयटीआयचा फॉर्म त्यांनीच भरला होता. त्यांच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्यात, जुना मोह होता. तो कापून झाला होता, आता बुंधा काढून तिथं त्यांना खोली बांधायची होती. मुलगी रश्मी बाळंतपणाला येणार होती, सातवा महिना लागला होता.

हेमराज बापाला न घेता गेला. गुरुजींच्या झाडात खिळा असणं म्हणजे शाळेच्या घंटेत जेवण शिजवण्यासारखं होतं. जयभीम, जयभीम झालं, गुरुजींच्या पत्नी विमलाबाईंनी चहा दिला, आणि गुरुजी मशीनपाशी खुर्ची घेऊन बसले. त्यांनी विचारलं, दाते कशाचे, चाक मिनिटाला किती फिरतं, मशीन डावीउजवीकडं झुलवत का चालवायची. एकेका प्रश्नानं हेमराजची छाती फुगत होती. दोन महिन्यांत कोणी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. दाता बोथट झाला की मशीन कशी थरथरते, ते हाताला आधी कसं कळतं, हे त्यानं इतक्या मन लावून सांगितलं की चहा गार झाला. आज आपण मशीनवाले आहोत, असं त्याला अगदी आतून वाटलं.

मग त्यानं रिंगण घातलं, हेल्मेट चढवलं आणि सुरू करायच्या दोरीला हात घातला.

“थांब जरा,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी मागं वळून पाहिलं. विमलाबाई आत गेल्या होत्या. तरी ते हेमराजला विहिरीच्या पलीकडं घेऊन गेले.

“एक आहे त्यात,” ते म्हणाले. “विहिरीच्या बाजूनं. मुळापाशी.”

हेमराजला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, गाय बांधायची कडी वगैरे असेल. गुरुजी विहिरीच्या कठड्याकडं बघत बोलत होते, शाळेत चुकलेलं पोर बोलतं तसं. रश्मी चार वर्षांची असताना तिला ताप चढला होता. तुमसरला दवाखान्यात ठेवलं होतं, औषधं चालू होती, पण सहाव्या दिवशी तिनं डोळे फिरवले. गुरुजी कपडे आणायला म्हणून घरी आले आणि सरळ मुरारीकडं गेले. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, दोघांनी मिळून तो खिळा ठोकला. रश्मी बरी झाली. औषधानंच झाली, त्यांना शंका नव्हती. विमलाबाईंना त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मुरारीनं कोणालाच नाही.

“चोवीस वर्षं झाली,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो अन् अंधश्रद्धेवर धडा शिकवला. चांगला शिकवला.”

गुरुजींनी त्याचा हात धरला. हात थंड होता.

“मी मानत नाही हेमराज, तुला माहीत आहे. पण आता तिला सातवा लागलाय. तो काढला तर काही होणार नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर हेमराजजवळ तयार होतं. गेली अकरा वर्षं तो ते मनात घोकत होता, आणि त्यातलं निम्मं याच माणसानं त्याला शिकवलं होतं. लोखंड म्हणजे लोखंड, लाकूड म्हणजे लाकूड. जगात ज्या एका माणसानं आपल्याला मशीनवाला म्हणावं असं त्याला वाटत होतं तो समोर उभा होता, आणि त्याला मशीनवाला नकोच होता. हेमराजला राग आला, गुरुजींचा, स्वतःचा, आणि मग त्या थंड हाताकडं पाहून तो कुठल्या कुठं गेला.

त्यानं हेल्मेट काढलं.

“आज शनिवार हाय, गुरुजी,” तो म्हणाला. “आज नको. सोमवारी सकाळी येतो. मी एकटाच काढतो अन् तळ्यात मधोमध टाकून येतो. रश्मीताईले काही होत नाही.”

गुरुजींनी हळूच श्वास सोडला. सोमवार चांगला आहे ना, असं त्यांनी विचारलं. हेमराजनं तो चांगला आहे असं सांगितलं, चुन्याचं रिंगण पायानं पुसलं आणि मशीन टेम्पोत चढवली. विमलाबाईंनी का परत चाललास म्हणून विचारलं, तर बेल्ट सैल झालाय म्हणाला. बेल्ट त्यानं सकाळीच ताणला होता.

घरी मुरारी पडवीत खाटेवर बसून होता. पोरगा इतक्या लवकर परत आलेला पाहून त्यानं विचारलं, “गुरुजीच्या मोहात किती निघाले?”

“एकही नाही,” हेमराज म्हणाला. “त्याच्यात काहीच नव्हतं, बा.”

मुरारीनं त्याच्याकडं पाहिलं. मग जाळं बाजूला केलं, आणि खाटेवर सरकून त्याला बसायला जागा दिली.